दोन एकर विकून बेसात फ्लॅट, की गावचं घर पाडून स्लॅब?

प्रश्न: स. न. वि. वि. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. वडिलोपार्जित सहा एकर कोरडवाहू आहे. कापूस, तूर, सोयाबीन घेतो. घर सासऱ्यांच्या वेळचं, मातीच्या भिंती आणि वर कवेलू. मुलगा नागपूरला खासगी नोकरीत आहे. पगार 42 हजार, सून आणि लेकरासह मनीष नगरात 10 हजार भाड्यानं राहतो. त्यानं नागपूरलगत बेसाला बांधकाम चालू असलेल्या फ्लॅट स्कीममध्ये 950 फुटांचा टू बीएचके पाहिला, किंमत 38 लाख. तो म्हणतो, रोडटच दोन एकर विकू, फ्लॅट घेऊ आणि तुम्ही दोघं इकडेच या. एजंट सांगतो, समृद्धी आणि मेट्रोमुळे भाव दुप्पट होईल. आमचे हे म्हणतात, शेत विकायचं नाही. उलट हे घर पाडून गावातच स्लॅबचं बांधू. घराला उदई (वाळवी) लागली आहे, वांदरं कवेलू फोडतात, पावसाळ्यात दोन खोल्या गळतात. मुलगी दिग्रसला दिली आहे. ती म्हणते, तुम्ही कराल ते बरोबर. माझे गुडघे दुखतात, गावच्या संडासात बसवत नाही. मुलगा 51 हजार टोकन देऊन बसला आहे. बापलेकांचं बोलणं बंद झालंय. मी काय करू?
एक आई, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, आधी निकाल सांगते, कारणं मागून. रोडटच दोन एकर फ्लॅटसाठी विकू नका. आणि सासऱ्यांच्या वेळचं घरही पाडू नका. मुलाला नागपुरात घर हवं हा एक प्रश्न आहे, तुम्हा दोघांचं म्हातारपण कुठं जाणार हा दुसरा. दोन्ही एकाच जमिनीच्या पैशातून सोडवायला निघाल्यामुळे घरात भांडण लागलंय.

मुलाचा हिशेब कागदावर मांडू. 42 हजार पगाराला बँक जास्तीत जास्त निम्म्या पगाराइतका हप्ता धरते. साडेआठ टक्के व्याजानं 20 वर्षांसाठी 24 लाख घेतले तर महिन्याला सुमारे 20,800 रुपये हप्ता बसतो. म्हणजे 38 लाखांच्या फ्लॅटला वरचे 14 लाख हवेत. मुद्रांक शुल्क, नोंदणी, बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी, पंखे-कपाटं हा खर्च आणखी वेगळा. तुमचे दोन एकर इथं जाणार. आणि ते गेल्यावरही हप्ता सुटत नाही. उरलेल्या एकवीस हजारांत लेकराची शाळा, सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा, पेट्रोल भागवायचं. एखाद्या वर्षी नोकरी गेली तर तो तुमच्याच तोंडाकडे पाहणार, आणि तेव्हा तुमच्याकडे उरलेले असतील ते रोडपासून आतले चार एकर.

गावाकडची शेतजमीन विकली तर नफ्यावर कर लागत नाही, असं एजंट सांगेल. शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतरापलीकडच्या शेतीला ते लागूही आहे. पण कर वाचला म्हणून व्यवहार शहाणपणाचा होत नाही. रोडची जमीन एकदा हातची गेली की त्याच किमतीत पुन्हा मिळत नाही.

भाव दुप्पट होण्याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तुमच्या मुलाच्या मनात खरी ओढ त्याचीच दिसते. वाढतो तो जमिनीचा भाव. बांधकाम तर दर वर्षी जुनंच होत जातं. वीस-पंचवीस फ्लॅटच्या स्कीममध्ये एका घराच्या वाट्याला जमिनीचा बारीकसा अविभक्त हिस्सा येतो. म्हणून नागपूरचा जुना माणूस फ्लॅटकडे वळायच्या आधी 30 बाय 50 चा प्लॉट पाहायचा. त्या ओढीतही पुष्कळ लोक फसले. शेतात चुन्याच्या रेघा मारून पाडलेले, मंजुरी नसलेले लेआउट घेऊन बसले. असे भूखंड नियमित करण्यासाठी 2001 साली सरकारला गुंठेवारीचा कायदा करावा लागला. तेव्हापासून नागपुरात प्लॉट घेताना ‘आरएल झालंय का’, म्हणजे भूखंड नियमित केल्याचं पत्र मिळालंय का, हा पहिला प्रश्न असतो. आता समृद्धी महामार्गाचं. तो सुरू होतो शिवमडक्याहून, म्हणजे हिंगण्याच्या अंगाला. मेट्रो जाते वर्धा रोडवरून. बेसाचा माणूस या दोन्हींपर्यंत गाडी काढूनच जातो. बेसा वाढतंय, दुकानं-शाळा झाल्या आहेत, हे नाकारत नाही. पण हा परिसर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. इथं बांधकामाची परवानगी पाहायची ती नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे लोकांच्या तोंडच्या एनएमआरडीएची. आणि हद्दीबाहेर गेलं की पाण्याचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. नळ आहे की बोअर? एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात? हे बिल्डरला विचारू नका. शेजारच्या, लोक राहायला आलेल्या स्कीमच्या चौकीदाराला विचारा. तो खरं सांगतो.

950 फुटांवरही मुलाला थांबवा. तो आकडा बहुधा सुपर बिल्ट-अपचा असेल. जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं धरून. पाय ठेवायची जागा साडेसहाशे-सातशे फूटच निघेल. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवर नियमन आणणाऱ्या कायद्यानं विक्री कार्पेट क्षेत्रावर करायची असते, तेव्हा करारनाम्यात कार्पेट किती लिहिलंय ते पाहायचं. त्या जागेत तो, सूनबाई, लेकरू आणि तुम्ही दोघं. ताई, तुम्हाला सपरीत बसून तूर पाखडायची सवय. पाचव्या मजल्यावर दार लावून दिवस काढणं सगळ्यांना जमत नाही. ते जमतं की नाही हे फ्लॅट घेण्याआधी कळलं तर बरं. कापूस वेचून झाला की फेब्रुवारीत दोघं मनीष नगरच्या भाड्याच्या घरी जा आणि मे संपेपर्यंत राहा. पेरणीच्या आत परत या. सूनबाईलाही त्यातून कळेल, तुम्हालाही. हे करण्यासाठी एक गुंठाही विकावा लागत नाही.

मुलानं घर घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. दहा हजार भाडं दर महिन्याला जातंय, त्याची तळमळ खरी आहे. त्यानं आपल्या पगारात बसेल असं घ्यावं. शहराच्या आत, नरेंद्र नगर, मानेवाडा, त्रिमूर्ती नगर या बाजूंना दहा-बारा वर्षं जुने फ्लॅट विकायला निघतात. ते त्यानं आधी पाहावेत. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही, भिंतींना ओल आहे की नाही ते डोळ्यांनी दिसतं, शेजारी कोण आहे ते कळतं. 27 लाखांच्या आसपास काही मिळालं तर 22 लाख कर्जाचा हप्ता 19 हजारांच्या थोडा वर जातो. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, म्हणजे हातचे पैसे कमी लागतात. इमारत किती जुनी आहे हे मात्र बँक पाहते. वरची रक्कम त्यानं बचत आणि पीएफमधून उभी करावी. नाहीच जमली तर दोन वर्षं थांबावं. घर सूनबाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, घरात तुमचा पैसा गेला तर करारनाम्यात तुमचं नाव असलं पाहिजे. पोटचं पोर असलं तरी.

फ्लॅट पाहायला जायचं ते मे महिन्यात, दुपारी चारला. नागपूरचा पारा 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांवर गेला होता. ज्या शहरात असं ऊन पडतं तिथं घराची परीक्षा जानेवारीत होत नाही. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. हात दोन मिनिटं ठेवता येत नसेल तर त्या खोलीत रात्री दोनपर्यंत झोप लागणार नाही. कुलर ठेवायला जागा कुठं आहे, त्याला पाणी कुठून येणार, ते पाहा. सगळ्यात वरचा मजला स्वस्त मिळतो तो तापलेल्या स्लॅबमुळेच. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांना मध्ये चौक होता, जाड भिंती होत्या. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांना उंच कवेलूचं छत आणि चारी बाजूंनी व्हरांडा होता, म्हणजे ऊन भिंतीपर्यंत पोहोचायचंच नाही. आजच्या स्कीममध्ये पश्चिमेला भलीमोठी काचेची खिडकी लावून तिला नजारा म्हणतात आणि त्या उन्हाचं एसीचं बिल वीस वर्षं घरमालक भरतो. आणखी एक विचारायचं म्हणजे पूर. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या चांगल्या वस्त्यांत तळमजले बुडाले. घर नाल्याशेजारी असेल तर त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये.

आता तुमच्या घराकडे येते. मला सगळ्यात जास्त इथंच बोलायचंय.

गावोगाव मातीची घरं पडताहेत आणि त्या जागी चार खांबांवर स्लॅब उभे राहताहेत. भाऊंना, म्हणजे तुमच्या यजमानांना, तेच पक्कं वाटणं साहजिक आहे. पण तुमची भिंत दीड-दोन फूट जाड असेल. दिवसभराचं ऊन आत यायला तिला रात्र लागते आणि तोवर बाहेर गारवा येतो. चार-सहा इंचांचा स्लॅब दुपारी तापतो आणि रात्रभर खाली आग ओततो. विदर्भात लोक स्लॅबचं घर बांधतात आणि उन्हाळ्यात खाट अंगणात टाकतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. नागपूरला जाता-येता वर्ध्याला उतरून एकदा सेवाग्राम बघून या, भाऊंना आणि मुलाला सोबत घेऊन. गांधीजी 1936 साली तिथं राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आदि निवास, बापू कुटी या माती, बांबू, लाकूड आणि कवेलूच्याच आहेत. आपल्याच पावसात, आपल्याच उन्हात त्या आजवर उभ्या आहेत, कारण त्यांची डागडुजी होते. जवळच दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. मातीच्या घरांवर तिथं वर्षानुवर्षं काम झालंय. तिथल्या लोकांना घराचे फोटो दाखवून विचारा.

तुमच्या घराला काय झालंय ते आधी नीट तपासायला हवं. एक पेचकस घ्या आणि भिंतीत शिरणारं प्रत्येक मयालाचं (आडव्या लाकडी तुळईचं) टोक टोचून बघा. उदई आधी तिथंच लागते, कारण तिथं लाकूड मातीला आणि ओलीला भिडतं. पेचकस बोटभर आत गेला तर ते लाकूड बदलायचं. टणक लागला तर वरवरची उदई खरवडून औषध मारलं की काम भागतं. सगळंच लाकूड गेलंय असं गावचा कंत्राटदार सांगेल. जुन्या सागवानाला भाव आहे आणि बहुतेक वेळा पाडणाराच ते घेऊन जातो, हे ध्यानात असू द्या. मग भिंतीचा पाया पाहा. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पोपडे निघत असतील आणि तिथं मागं कधी सिमेंटची छपाई केली असेल, तर दोष त्या छपाईचा आहे. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. ती छपाई काढून टाका, माती-भुशाचा गिलावा करा आणि भिंतीलगत बाहेर फरशीचा दोन-तीन फुटांचा उताराचा पट्टा काढा. पावसाची वळचण भिंतीपासून लांब पडली की निम्मं दुखणं थांबतं.

वांदरांचा प्रश्न खरा आहे. देशी कवेलू त्यांच्यापुढं टिकत नाही, आणि आता दर उन्हाळ्यात कवेलू फेरणारे हातही उरले नाहीत, नवा कवेलू पाडणारा कुंभारही सापडत नाही. इथं मी हट्ट धरणार नाही. वर टिनं टाका. मात्र नुसती टिनं टाकाल तर खाली भट्टी होईल. टिनांखाली हातभर पोकळी सोडून बांबूची ताटी आणि तिच्यावर मातीचा थर द्या, आणि दोन्ही पाखांच्या टोकाला हवा जायला जागा ठेवा. टिनाची धग त्या पोकळीतून निघून जाते.

राहिले तुमचे गुडघे. त्यासाठी अख्खं घर पाडायला नको. मागं सांदवाडीत एक खोली, न्हाणी आणि खुर्चीचा संडास असं छोटं पक्कं बांधकाम करा. माजघराच्या पातळीला धरून, मध्ये पायरी न ठेवता, भिंतीला धरायला दांडी लावून. हे बांधताना मात्र एका गोष्टीत कसर नको, ती म्हणजे पाया. तुमच्याकडं काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर दर वर्षी थोडं उचलते, थोडं सोडते. गावातल्या नव्या घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघालेल्या दिसतात, त्या यामुळेच. दोन फूट खोदून पाया भरणारा मिस्त्री नको. मुरूम लागेपर्यंत खोदायचं. मुरूम फारच खोल असेल तर तळाशी गड्डा असलेले दहा-बारा फुटांचे पाइल घ्यायचे आणि वरून बीम बांधायची. हे काम इंजिनिअरच्या नकाशाशिवाय होत नाही. जोत्यात भर घालायची ती मुरमाची. खोदलेली काळी माती पुन्हा आत ढकलू देऊ नका, मिस्त्री तेच करायला बघतो. काम दिवाळीनंतर काढा म्हणजे स्लॅबवर दोन आठवडे पाणी टिकतं. मे महिन्यात टाकलेला स्लॅब मारलेलं पाणी घटकेत पिऊन कच्चाच राहतो. वरून चुन्याची पांढरी पुताई दर उन्हाळ्यात करा. विटा राखेच्या मिळाल्या तर घ्या; कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीज केंद्रांमुळे आपल्याकडे राखेचा तुटवडा नाही. यातलं काम एकदम नाही झालं तर दोन हंगामांत करा. आधी संडास-न्हाणी, मग छत.

आणि घराचे कागद. गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी करून सनद देणारी स्वामित्व योजना 2020 साली आली. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढून घ्या. नुसत्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या उताऱ्यावर, बँक फारशी विचारत नाही.

लेकीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती म्हणते तुम्ही कराल ते बरोबर, पण याला संमती समजू नका. शेती वडिलोपार्जित आहे. 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळालाय आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावरचा उरलासुरला घोळही मिटवला. तिच्या सहीशिवाय घेणाऱ्याचा वकील पुढं जाणार नाही. पण सहीची गरज लागली म्हणून तिला बोलावू नका. ही सगळी चर्चा तिच्यासमोर व्हावी. बापलेकांचं बोलणं बंद असताना ती कदाचित दोघांनाही ऐकू जाईल असं बोलू शकेल. भावाला नागपुरात घर हवं आणि आईबापाला गाव हवं, या दोन्ही गोष्टी तिला तुमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ दिसत असतील.

शेवटी टोकनचे 51 हजार. ते गेले असं धरून शेत विकायला निघू नका. मुलाकडून पावती मागवा आणि तीवर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक, आहे का पाहा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदणीआधी बुकिंग घेणंच बेकायदा आहे. क्रमांक असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर तो टाकून मंजूर नकाशा, पूर्ण करायची तारीख आणि त्या जमिनीवरचे खटले बघता येतात. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तेव्हा आता आणखी एक रुपयाही देऊ नका. बुकिंग रद्द करतोय हे मुलानं लेखी द्यावं, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीनं, आणि ते याच आठवड्यात. महारेराच्या वाटपपत्राच्या नमुन्याप्रमाणं सुरुवातीच्या दिवसांत रद्द केलं तर कपात नसते. दिवस जातील तशी कपात वाढत जाते. एजंट फोनवर ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ म्हणेल. त्याला म्हणावं, हेच लिहून पाठवा.